तिकडे किती मिळतात

वांग्याच्या फुलामागच्या हिरव्या टोपीला बारीक काटे असतात, हे देलला आज बोटात रुतल्यावर कळलं — म्हणजे आठ वर्षं, दर जूनमध्ये, हे फूल हातात घेऊनही तिनं ते नीट बघितलेलंच नव्हतं... जांभळ्या चुरगळलेल्या पाकळ्या, मधे पिवळा ठिपका, आणि मान खाली. मान खाली म्हणूनच ते उद्याच्या, गुरुवारच्या गुरुपूजेच्या तबकात लागतं. वांगं धरायच्या आधी हे फूल जसं वाकतं तसं शिकणाऱ्यानं शिकवणाऱ्यापुढे वाकावं, असं शाळेच्या थोरल्या बाई, ख्रू सोमजित, दर वर्षी माइकवरून सांगतात, आणि समोर बसलेली पोरं तेव्हा एकमेकांच्या पाठीत कोपर मारत असतात. फुलाच्या जोडीला हरळीच्या काड्या, कारण ती तुडवली तरी मरत नाही, आणि टोकदार कळ्यांचा एक लाल झुबका, कारण डोकं तसं तल्लख व्हावं. तिनं फूल केळीच्या पानाच्या शंकूत खोचलं, बोट तोंडात घातलं, आणि खाली बसताना स्कर्टच्या खिशातला फोन मांडीला लागला तसा धाकट्या वेलीनचा सकाळच्या मेसेजमधला आवाज पुन्हा सुरू झाला. फोन बंद होता, तरीही.

मानांग, लागलं माझं नाव. पोतोतानच्याच शाळेत, कायमची जागा. उद्या दहाला ऑफिसात जाऊन सही करायची. केली की केली, मग हलायचं नाही. नाही केली तर माझ्या मागच्या बाईला देणार. तू म्हणालेलीस ना, तुमच्या थोरल्या बाईंना अजून एक टीचर हवीय? नानाय काहीच बोलत नाही, नुसती भांडी घासतेय. संध्याकाळी फोन करते. तू सांगशील ते.

तू सांगशील ते... धाकट्या बहिणी थोरलीला मानांग म्हणतात आणि हे वाक्य फार सहज बोलतात. देलनं ते सकाळी झेंड्यापुढे उभं राहण्याआधी ऐकलं होतं, मग शिक्षकांच्या खोलीत पंख्याखाली ऐकलं होतं, आणि दोन्ही वेळा पहिल्यांदा जे वाटलं त्याची तिला लाज वाटली होती. पहिल्यांदा वाटलं ते असं, की ये. सही नको करूस, ये. खोलीवर एक जास्तीची उशी आहे, बाजारातून आणली ती गेल्या महिन्यात, अजून प्लॅस्टिकच्या पिशवीतच आहे. रविवारी आपण तुरीचे दाणे आणि कच्चा फणस घालून रस्सा करू, डुकराचं मांस इथे चांगलं मिळतं, फणस तर रस्त्यावर पडलेला असतो, आणि सुकट तळली की शेजारची बाई खिडकी आपटते तेव्हा हसायला कुणीतरी असेल. हे सगळं झरझर येऊन गेलं. मग आकडे आले.

आकड्यांत देलचा हात कुणी धरू शकत नव्हतं. देलच्या गावी, समुद्रापलीकडे पोतोतानात, कुणाची मुलगी शिक्षिका होऊन परीक्षा पास झाली की आधी चर्चमध्ये मेणबत्ती लागते आणि मग देलला मेसेज येतो — मानांग, व्हिएतनामला किती? मानांग, जपान बरं का चीन? आणि देल, जी स्वतः परदेशात थायलंडमधल्या या एका गावाबाहेर कुठे राहिलेली नव्हती, मैत्रिणींच्या तोंडून गोळा केलेलं सगळं सांगत असे. हनोईत तासावर मिळतात, बरे मिळतात, पण आधी फोनवर तुझा आवाज ऐकतील आणि उच्चारावरून नाक मुरडतील. जपानात खेड्यात पाठवतात, पैसे चांगले, पण हिवाळ्यात निम्मे हीटरला जातात आणि उरलेल्या निम्म्यात रडू येतं. आखातात राहायला देतात, पण घरमालकीणही तीच आणि मुख्याध्यापिकाही तीच, असलंही असतं. कोरियाचं नाव काढू नकोस, त्यांच्या यादीत आपला पासपोर्टच नाही. आणि प्रत्येक देशाच्या शेवटी ती एक गोष्ट सांगायची, जी पहिल्यांदा ऐकताना पोरी गप्प होतात. कुठल्याही देशात इंग्रजीच्या टीचरचे दोन भाव असतात, एक गोऱ्यांचा आणि एक आपला; जाहिरातीत लिहिलेला असतो तो त्यांचा.

थायलंडला किती, हेही ती सांगायची. सगळ्या पोरींना सांगितलं. घरी, नानाय-तातायला, म्हणजे आईबापांना, मात्र नाही. घरी कुणी विचारलंच नाही — आमच्याकडे बाहेर गेलेल्या माणसाला किती मिळतात हे विचारत नाहीत, काय येतं ते बघतात, आणि येत गेलं... आधी छपराला पत्रे आले, मग वेलीनची फी, मग तातायचं डायलिसिस, मग तातायचं जे झालं त्याचा खर्च. शाळेनं कधीतरी इंटरनेटवर जाहिरात टाकली होती, परदेशी शिक्षक पाहिजेत, पस्तीस हजार बाट. ती वेलीननं बघितली आणि तिथून घरात तो आकडा देलच्या नावावर जमा झाला. मी कुठे म्हणाले पस्तीस? मी फक्त नाही म्हणाले नाही. बाहेर गेलेलीनं घरच्यांचा एवढा आनंद कशाला मोडायचा? आणि आता त्या पस्तिसांच्या जिवावर वेलीन उद्या दहाची सही सोडून देणार होती.

"पी देल, दोरा." समोर मांडी घालून बसलेल्या ख्रू ओर्ननं — शिक्षकाला इथे ख्रू म्हणतात — हात पुढे केला. ओर्न इथलीच, दोन वर्षांपूर्वी कंत्राटावर लागलेली, देलपेक्षा बरीच लहान, म्हणून नावाआधी थोरल्या बहिणीचं पी लावायची. चौथीचा वर्ग बाकं भिंतीला लावून जमिनीवर बसला होता, बुधवार म्हणून सगळी पोरं स्काउटच्या खाकीत, आणि ओर्न एकेका तबकाचा कळस असा झपाझप शिवत होती की पोरी नुसत्या तिची बोटं बघत होत्या.

"तुझं हे आवर, मग मला शिकव," देल म्हणाली.

"आठ वर्षं हेच म्हणतेस, असं ख्रू सोमजित सांगतात."

तेवढ्यात दारात ग्रॅहम आला, हातात कॉफीची प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत बर्फ, बर्फात नळी. ग्रॅहम इंग्लंडमधल्या हल गावचा, तिथे बस चालवायचा, बायको गेल्यावर इकडे फिरायला आला आणि राहिला. पोरं त्याच्यावर जीव टाकत, कारण तो खोटं खोटं पडून दाखवायचा. शाळेच्या फाटकावर मोठ्या फ्लेक्सवर त्याचा हसरा चेहरा होता, दोन मजली म्हणावा एवढा, आणि त्या फ्लेक्सखालून येताना तो रोज टोपी डोळ्यांवर ओढायचा. देलचा फोटो त्या फ्लेक्सवर नव्हता. याचा राग तिला पहिल्या वर्षी आला होता. मग त्याची ती टोपी बघून मावळला.

"देल, एक विचारू?" तो उंबऱ्यातच उकिडवा बसला. "माझा तो हनोईचा मित्र बोलावतोय. मी सोमजितबाईंना सहज बोललो, तर म्हणाल्या तीन हजार वाढवते, जाऊ नकोस. मला लाज वाटली. मी न मागता."

"मग राहा की."

"राहीनच. पण मी म्हणतो, तूही माग. माझ्याकडे काय आहे, घरबसल्या केलेला महिन्याभराचा कोर्स. तू खरी टीचर आहेस, परीक्षा दिलेली. तुझा आकडा माझ्याहून वरचाच असेल, पण तरी माग."

त्याच्या डोळ्यांत काही नव्हतं. म्हणजे खोट नव्हती, तिनं नीट बघितलं. अडुसष्ट वर्षांचा हा माणूस खरंच असं धरून चालला होता की जगात जो जास्त शिकलेला त्याला जास्त मिळतं, आणि त्याची ही समजूत मोडणं तिला लहान मुलाच्या हातातलं काहीतरी काढून घेण्यासारखं वाटलं. "मागेन," ती म्हणाली. "बघते." तो खूश झाला, उठताना गुडघे धरून विव्हळला, पोरांना वाटलं पडून दाखवतोय, आणि सगळा वर्ग खिदळला.

असं का म्हणाले मी? त्याच्यासाठी, की माझ्यासाठी... शाळेला खाली बघायला लागू नये म्हणून मी आठ वर्षं शाळेची अब्रू सांभाळतेय, घरच्यांना वाईट वाटू नये म्हणून घरची, आणि आता ग्रॅहमला झोप लागावी म्हणून त्याचीही. सगळ्यांची अब्रू एका माझ्या पदरात.

"पी देल." ओर्नची सुई थांबली नव्हती. "तुला किती देतात?"

इथे हे असं विचारतात, जेवलीस का विचारावं तसं. देलला आठ वर्षांत सवय झालेली होती आणि ती हसून टोलवायची. आज, कोण जाणे, थकली असेल, किंवा बोट दुखत होतं. "अठरा," ती म्हणाली.

आता सुई थांबली. ओर्ननं दाराकडे बघितलं, जिथे मघाशी ग्रॅहम बसला होता, मग देलकडे. "मला वाटायचं परदेशी म्हणजे सगळे सारखेच. तो आणि तू."

"नाही ग."

"अठरा," ओर्न पुन्हा म्हणाली, आणि दोऱ्याचं टोक दातानं तोडलं. "मला नऊ."

नऊ? देलला वाटलं भाषेत काहीतरी चुकलं. तिनं बोटांनी करून दाखवायला लावलं. नऊच. आठवड्याला तेवढेच तास, वर सगळे सरकारी तक्ते भरायचे, पालकांचे फोन घ्यायचे, आणि देलच्या वर्गाची फुलं बांधायची, कारण परदेशी बाईंना ते येत नाही असं सगळ्यांनी धरून चाललेलं. इतकी वर्षं देल वर बघत होती, पस्तीसकडे, हनोईकडे, जपानकडे. देशादेशांचे आकडे तोंडपाठ केले, पण शेजारच्या टेबलावरच्या मुलीला किती मिळतात हे तिनं एकदाही विचारलं नव्हतं. आणि ग्रॅहमनंही मला विचारलं नाही. त्याच्यात नि माझ्यात काय फरक राहिला... ओर्न चिडेल असं तिला वाटलं, चिडावं असंही वाटलं.

"ग्रॅहमला सांगू नकोस हं," ओर्न म्हणाली. "रडेल तो." आणि हसली. मग जरा वेळानं, पुढचं तबक ओढत, "मी घरी जेवते ना. आई भात बांधून देते, संध्याकाळी मी दारातूनच ओरडते, आई, काय केलंस? तू कुणाला ओरडतेस, पी देल? तुला जास्तच मिळायला हवेत."

हे तिनं अगदी सरळ म्हटलं. देलनं हरळीच्या काड्या सारख्या केल्या, त्या सारख्याच होत्या.

शेवटच्या तासाला सभागृहात तालीम होती. शिक्षक खुर्च्यांवर, पोरं दोघं-दोघं गुडघ्यांवर सरकत यायची, तबक पुढे करायची, कपाळ जमिनीला टेकवायची. देलच्या पहिल्या वर्षी इथेच तो घोटाळा झाला होता. आमच्याकडे मोठ्या माणसानं हात पुढे करायचा, लहानानं तो धरून आपल्या कपाळाला लावायचा, झालं. पाया-बिया पडायची पद्धत नाही. समोरच्या पोरानं कपाळ टेकून वर बघितलं तसा देलचा हात आपोआप पुढे गेला, पालथा. पोराला कळेना. त्याला वाटलं टीचरला अजून काहीतरी हवंय, म्हणून त्यानं तबकातलं फूल उपटून तिच्या हातावर ठेवलं. हात तसाच. मग देललाच राहवलं नाही आणि तिनं फुलासकट तो हात त्याच्या कपाळाला लावला — आणि सगळं सभागृह, थोरल्या बाईंसकट, हसून लोळायचं बाकी राहिलं. त्या रात्री ती उशीत तोंड खुपसून रडली होती, परत जायचं म्हणून. पण दुसऱ्या दिवसापासून तिच्या वर्गातली पोरं सकाळी फाटकापाशी यायची आणि नमस्कार झाला की तिचा हात ओढून कपाळाला लावून पळायची. मग ती रीतच पडली. वरच्या वर्गात गेलेली पोरं खालच्यांना शिकवतात. सोमजितबाई आता माइकवरून सांगतातच, आणि टीचर देलचा वर्ग, तुमचं ते कपाळाचं पण करा. पलीकडच्या खुर्चीत ग्रॅहम मात्र निवडणुकीला उभा असल्यासारखा एकेकाचा हात हातात घेऊन हलवत असतो.

आज तालमीत पिमदाओ पुढे आली, वर्गातली सगळ्यात अबोल मुलगी, जिचं एक अख्खं वाक्य ऐकायला देल मे महिन्यापासून वाट बघत होती. तिनं डोकं टेकवलं, देलचा हात घेतला, कपाळाला लावला आणि सोडलाच नाही. कपाळ गरम होतं, घामानं ओलं. "टीचर," ती पुटपुटली, इंग्रजीत, "यू कम टुमॉरो?"

"येस. आय कम टुमॉरो," देलनं तिच्यासारखंच उत्तर दिलं, चुकीसकट.

बाहेर पडताना सोमजितबाईंनी तिला गाठलं, हातात चिकट भात आणि आंब्याचा डबा कोंबला. "देल, तुझ्या बहिणीचं काय ठरलं? मला तुझ्यासारखीच हवी. शहाणी, गोड, कटकट नाही." त्यांनी देलचा दंड प्रेमानं दाबला, आणि ते प्रेम खरं होतं, तिच्या तापात रात्रभर बसलेली बाई होती ती. तरी दंड सोडवून घ्यावासा वाटला. तुझ्यासारखीच... म्हणजे अठरात, नाही, आता नवीन माणसाला सोळात, आणि वर कटकट नाही.

खोलीवर येऊन तिनं दिवा न लावताच भात खाल्ला. उजेड अजून होता. गादीवर भिंतीकडची बाजू रिकामी, तिथे ती प्लॅस्टिकमधली उशी. देल तिला टेकून बसली तसं प्लॅस्टिक करकरलं. काय सांगायचं ते अजून तिला ठाऊक नव्हतं. ये म्हटलं तर वेलीन येईल. वेलीन आली की पहिल्या पगाराला सगळं कळेल, आणि तोवर पोतोतानची जागा गेलेली असेल. नको ये म्हटलं तर विचारेल का. भागतं, म्हणावं. भागतं हा शब्द आठ वर्षं पुरला होता, आजचा एक दिवस पुरेल... फोन वाजला.

पडद्यावर वेलीनचा चेहरा फार जवळ, मागे नळाचं पाणी आणि भांडी.

"जेवलीस, मानांग?"

"जेवले. आंबा भात. तू?"

"घशाखाली उतरत नाही." ती हसली, मग हसायचं थांबली. "सांग ना. मला तिथे किती मिळतील?"

"भाग..." देलनं सुरुवात केली. आणि ओर्नचा चेहरा आला, दोरा दातात धरलेला, नऊ असं सरळ म्हणणारा. "सोळा," ती म्हणाली.

"सुरुवातीला ना? मग तुझ्यासारखे..."

"मला अठरा मिळतात, इंदाय," देलनं तिला लहानपणीच्याच लाडक्या हाकेनं म्हटलं. "आठ वर्षांनी."

मागचा नळ बंद झाला. भांड्यांचा आवाजही. नानाय तिथेच उभी आहे हे देलला न दिसता कळलं.

"मग ती जाहिरात?"

"ती आपल्यासाठी नव्हती."

वेलीनचे ओठ हलू लागले. लहानपणीही हिशेब करताना तिचे ओठ असेच हलायचे. बाटांचे पेसो झाले असणार, मग इकडचं भाडं वजा, मग तिकडची नवी जागा. शेवटी ती थांबली, आणि तिच्या आवाजात आनंद नव्हता, भीतीच होती. "मानांग, उद्या मी सही केली तर पहिल्याच महिन्यात मला तुझ्यापेक्षा जास्त मिळतील. आणि तेही घरी राहून."

"हो."

"म्हणजे एवढ्यात तू आमचं सगळं..." तिनं नाक ओढलं. मग, जे देलनं दिवसभरात एकदाही मनाशी घोकलं नव्हतं ते तिनं विचारलं. रागानं नाही, लहानपणी अंधारात विचारायची तसं.

"मग तू तिथे कशाला आहेस?"

व्हिएतनामला किती ते देलला माहीत होतं. जपानला किती, चीनला किती, कुणाचा भाव किती, कुठे हिवाळ्यात किती कापले जातात... सगळं माहीत होतं. या प्रश्नाला द्यायला मात्र तिच्याकडे एकही आकडा नव्हता. ती घाबरली. आणि घाबरतानाच आपण आठ वर्षांत पहिल्यांदा घरच्यांशी खरं बोलत बसलो आहोत, हे तिला जाणवलं. 

"उद्या गुरुवार आहे," ती म्हणाली.

"म्हणजे?"

हे काय उत्तर झालं, ते तिलाच कळलं नव्हतं. बोटात रुतलेलं काट्याचं टोक अजून आत होतं, दाबलं की दुखत होतं. ती ते दाबत राहिली. नानाय आता पडद्याच्या कडेला आली होती, ओले हात तसेच धरून बघत.

"थांब," देल म्हणाली, "ठेवू नकोस. सांगते."